नकाशांच्या पाठीवरची चित्रं

आईवडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन, तर आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांचा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा त्यांच्या नावाखाली त्यांचे नसलेले शब्द छापले गेले होते, आणि त्या प्रकरणात मी अगदी मधोमध उभा होतो. तेव्हापासून त्यांचं नाव छापील कागदावर येऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

आमचं गाव तालुक्याचं, कापसाचं. वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, हमाली करत. सातवी झाली की मलाही तिथेच लावायचं घरात ठरलं होतं. ते कळल्यावर सर एका संध्याकाळी घरी आले. वडील अंगणात हात जोडून उभे राहिले, बसायला तयार होईनात.

"मास्तर, पोरगा तर म्हणत होता, चित्रं काढता येत न्हाईत," वडील म्हणाले. ड्रॉइंगचा मास्तर घरी येतो तो पोराच्या चित्रांसाठीच, असा त्यांचा समज.

"अजिबात येत नाहीत," सर म्हणाले. "म्हणून तर सांगतोय, शिकवा त्याला. चित्रं येणाराचं कसंही निभतं."

वडील हसले. हसले तिथेच माझं हायस्कूल पक्कं झालं.

सरांनी मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवलं आणि मी नापास झालो. वस्तुचित्रात ठेवलेली किटली माझ्या कागदावर आजारी कोंबड्यासारखी दिसत होती. सरांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हात गेलेला आहे. डोळा शाबूत आहे." त्यानंतर ते मला दुसऱ्या मुलांची चित्रं दाखवून विचारायचे, ह्यात काय बिघडलंय ते नीट वाक्यात सांग. नीट वाक्यात बोलायला मी तिथे शिकलो. पुढे सगळं आयुष्य त्यावरच चाललं.

शाळेच्या मागे अडगळीची एक खोली होती. स्वातंत्र्य आलं आणि शाळेतले जुने कापडी नकाशे निकामी झाले. हिंदुस्थान एकच असलेले, ब्रिटिशांचा मुलूख गुलाबी रंगात दाखवणारे. हेडमास्तर म्हणाले, बंबात घाला. सरांनी ते अडगळीच्या खोलीत नेले, उलटे केले, पाठीच्या कापडावर सरस आणि खडूची भुकटी कालवून लेप दिला आणि त्यावर ते चित्रं काढू लागले. त्यांत माणूस नव्हता, झाड नव्हतं, देऊळ नव्हतं. नुसते पट्टे आणि डाग, एकमेकांत शिरलेले किंवा एकमेकांना टाळून उभे असलेले. गावात चित्र म्हणजे कॅलेंडर नाहीतर दुकानाची पाटी. सर ही चित्रं कुणाला दाखवत नसत. मी मात्र त्या खोलीत अभ्यासाला बसायचो, त्यामुळे ती होताना पाहिली. तांबडा संपला की तांबड्याचं काम तिथेच थांबायचं. एकदा छपरातून पाणी गळून ओल्या रंगावरून एक ओघळ खाली गेला. सर त्याच्याकडे पाहत उभे राहिले आणि त्यांनी तो तसाच ठेवला.

"सर, हे काय आहे?" मी एकदा विचारलं.

"अजून ठरलेलं नाही."

पुढे मी पुण्याला आलो, सरांच्याच खटपटीने एका वसतिगृहात राहिलो, बी.ए. झालो. आमच्या सगळ्या भावकीत पहिला. नोकरीच्या शोधात असताना कोथरूडला खोली घेतली. कोथरूड तेव्हा गावच होतं. खोलीच्या मागे ज्वारी उभी असायची आणि शहरात यायला सायकल लागायची.

त्याच सुमाराला शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाला मराठी लिहिणारा माणूस हवा होता. आधुनिक अमेरिकन चित्रांचं प्रदर्शन पुण्यात यायचं होतं. मंडळ पुण्यातलं, पण चित्रं, छपाईचा कागद आणि पैसा बाहेरून येत होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तेव्हा जगात दोन मोठे देश एकमेकांवर डोळे वटारून बसले होते. आपण कुणाच्या बाजूचे, हे दोघांनाही जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या देशाची स्वस्त, गुळगुळीत पुस्तकं आमच्या वसतिगृहात ढिगाने पडलेली असायची, त्यांत हसऱ्या कामगारांची आणि ट्रॅक्टरांची चित्रं. मला त्या वेळी यातलं फारसं कळत नव्हतं. मला काम मिळालं होतं.

मंडळाचे कार्यवाह पक्के पुणेकर. इंग्रजी माहितीचा गठ्ठा माझ्यापुढे टाकून म्हणाले, "रस्त्यावरच्या माणसाला कळेल असं मराठी करा. प्राध्यापकांना नाही कळलं तरी चालेल, ते कळल्यासारखं करतात."

इंग्रजी मजकूर फार सुंदर होता आणि हाताला काही लागत नव्हतं. 'इथे हात कुणाचंच ऐकत नाही.' 'ही रेघ एकट्या माणसाची आहे.' ह्याचं काय करायचं मला सुचेना. मग जे येत होतं ते केलं. शाळेत प्रत्येक कवितेखाली आम्ही 'मध्यवर्ती कल्पना' लिहायचो. कवी काय सांगतो, त्यातून बोध काय. त्याला हमखास गुण असत. मी प्रत्येक चित्राची मध्यवर्ती कल्पना लिहून काढली. प्रस्तावनेत एका कोपऱ्यात, फार सभ्य शब्दांत, काही देशांत चित्रकारांना सरकारी आज्ञेने ट्रॅक्टर रंगवावे लागतात असं म्हटलं होतं. मी ते उचलून जागेवर बसवलं: 'मध्यवर्ती कल्पना: ज्या देशात माणसाला हुकूम सोडले जात नाहीत, त्याच देशात असे चित्र निघू शकते. इतर देशांत चित्रकाराला ट्रॅक्टर काढावे लागतात.'

कार्यवाहांनी वाचलं, चष्मा काढला.

"अहो, हे तुम्ही फारच स्पष्ट लिहिलंत."

"चुकलं का?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी ते प्रदर्शनासाठी आलेल्या अमेरिकन साहेबांना दाखवलं. साहेबांना मराठी येत नव्हतं. कार्यवाहांनी त्यांना काय वाचून दाखवलं ते देव जाणे. मजकूर मंजूर झाला, मोठ्या अक्षरांत छापून चित्रांशेजारी लागला. प्रदर्शन सुरू झाल्यावर पुण्याची शाळकरी मुलं वह्या घेऊन आली आणि चित्रांकडे पाठ करून मध्यवर्ती कल्पना उतरवून घेऊ लागली. कुणी सांगावं, परीक्षेत आलं तर. हे पाहून माझी छाती फुगली होती, हे खरं आहे.

मुख्य दालनाला लागून एक लहान खोली होती. तिथे इथल्या चित्रकारांची चित्रं लावायची होती, आणि हव्या तेवढ्या जणांची मिळत नव्हती. तयारी चालू असतानाच मी सरांचा विषय काढला होता. कार्यवाहांना घाई होती; ते म्हणाले, आणा. मी पहिल्या एस.टी.ने गावी गेलो.

सर म्हणाले, "पुण्याला? बघणार कोण?"

"द्या हो," आतून बाई म्हणाल्या, म्हणजे सरांच्या पत्नी. "उंदरांनी बघण्यापेक्षा माणसांनी बघितलेली बरी."

सरांनी तीन चित्रं निवडली. निवडायला सबंध दुपार घेतली. पन्नाशी उलटलेला तो माणूस भिंतीला टेकवलेल्या चित्रांपुढून पुन्हा पुन्हा फिरत होता आणि हाताला उगीचच खडू पुसत होता. निघताना म्हणाले, "चित्राखाली काही लिहायचं नाही. नाव लिहिलंत तर बारीक." प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी दोघंही पुण्याला यायचं ठरलं. मी स्टँडवर पोचेपर्यंत बाईंनी आळीतल्या चार घरी सांगूनही टाकलं होतं.

चित्रं उलगडली तेव्हा साहेब तिथेच होते. त्यांनी एक चित्र उलटलं आणि ओरडलेच. पाठीमागे आमच्या शाळेचा गुलाबी नकाशा. हे काय म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी माझ्या बी.ए.च्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बंब, सरस, अडगळीची खोली. सांगताना मला सरांचा अभिमान वाटत होता. साहेब कार्यवाहांना म्हणाले, "ह्या माणसाने काय केलंय, त्याला ठाऊक आहे का? त्याने साम्राज्य पुसलं आणि त्या जागी स्वातंत्र्य लिहिलं!" मला ते वाक्य आवडलंसुद्धा. घरी जाताना सायकलवर मी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. नंतर वाटलं, पण सरांनी पुसलं कुठे? नकाशा तर पाठीमागे जसाच्या तसा आहे.

मग स्थानिक चित्रकारांची एक पुस्तिका काढायचं ठरलं. प्रत्येकाने आपल्या चित्राविषयी चार ओळी द्यायच्या. बाकीच्यांनी दिल्या. मी सरांना लिहिलं. त्यांचं कार्ड उलट टपालाने आलं: 'सांगण्यासारखे काही नाही. कापड चांगले होते. चित्र टांगा, कागद टांगू नका.'

कार्यवाहांनी कार्ड वाचून माझ्या हातात परत दिलं.

"हे छापता यायचं नाही."

"मग सरांची जागा कोरी ठेवा."

"कोरी? साहेब मला विचारतील, ज्याची गोष्ट सगळ्यात चांगली तोच मुका कसा? तुम्ही लिहा ना त्याची मध्यवर्ती कल्पना. त्यात तुमचा हातखंडा."

मी प्रयत्न केला, तोही प्रामाणिकपणे. ज्या चित्रकारांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या मनातलं मी एका बैठकीत लिहून काढलं होतं. सरांच्या चित्रासमोर बसलो आणि लेखणी हलेना. तो निळा पट्टा इतका रुंद का, तर निळा शिल्लक होता. तो ओघळ का, तर कौल फुटलं होतं. हे सगळं मी पाहिलेलं होतं. पण म्हणून चित्र तेवढंच होतं असंही नाही. त्यात आणखी काहीतरी होतं, आणि ते माझ्या ओळीत येत नव्हतं. मी कोरा कागद परत केला. कार्यवाह म्हणाले, "बघतो."

त्यांनी काय बघितलं ते प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, कळलं. पुस्तिका छापून आली. सरांच्या नावाखाली लिहिलं होतं: 'परक्या साम्राज्याच्या नकाशावर मी माझे स्वातंत्र्य रंगवले. जिथे लाल हुकमाने चित्रे काढावी लागतात, तिथे माझे हात कापले गेले असते.' वाक्यं मी लिहिली नव्हती, पण वळण माझंच होतं. माझ्या मध्यवर्ती कल्पना वाचून वाचून कार्यवाहांना ते साधलं होतं.

आमच्या गावात लाल म्हणजे काही लांबचा देश नव्हता. लाल म्हणजे जिनिंगच्या कामगारांची युनियन. संपाच्या वेळी त्यांच्या पाट्या आणि कापडी फलक सर रंगवून द्यायचे, काही न घेता. माझे वडील त्याच युनियनमध्ये होते. हे शब्द गावात पोचले, तर सरांना रस्त्याने चालणं मुश्किल होईल. पैसे खाऊन मास्तर फिरला, असं तीच माणसं म्हणतील जी त्यांना वाटेत थांबवून नमस्कार करत होती. आणि आता चार दिवसांत सर, बाई नवीन लुगडं नेसून, आपली चित्रं पहिल्यांदाच भिंतीवर लागलेली पाहायला येणार होते.

मी कार्यवाहांच्या टेबलापाशी गेलो.

"सरांनी हे म्हटलेलं नाही."

"म्हटलं नसेल. मनात असेल."

"मनातही नाही."

"तुम्ही त्यांच्या मनात भाड्याने राहता का?"

"पट्टी चिकटवून तेवढं झाका. मी स्वतः एकेका प्रतीवर चिकटवतो."

"झाकलेलं लोक आधी वाचतात." त्यांनी टाक खाली ठेवला आणि आवाज मऊ केला. "हे बघा, तुम्ही कष्टाने वर आलेला मुलगा. मंडळाच्या वाचनालयातल्या जागेसाठी तुमचं नाव मी सुचवलंय. सोमवारी बैठक आहे. तुमच्या सरांचं वाईट काय होतंय ह्यात? मोठ्या चित्रकारांच्या रांगेत नाव छापून आलंय. तुम्ही उगीच गावाकडची भीती घेऊन बसलाय."

वाचनालयातली ती जागा मला हवी होती. धाकट्या दोघा भावंडांच्या शाळेचं सगळं माझ्यावर होतं. मी पुस्तिका खिशात घालून बाहेर आलो. काय करावं ते सुचेना. शाळेत टेलिफोन नव्हता. तारेत काय लिहायचं? 'तुमच्या नावे खोटे छापले, या.' तार म्हटल्यावर बाईंच्या हातापायांतलं बळच गेलं असतं.

गुरुवारी दुपारी ती मुलं आली. डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांची एक संघटना तेव्हा जोरात होती. आठ-दहा जण असतील. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. प्रेक्षकांसारखी शांत आत आली, म्हणूनच मी खुर्चीवरून उठलो. सगळ्यांच्या पुढे कॉलेजात माझ्या वर्गात असलेली एक मुलगी. जाड चष्म्याची, वादविवादात बक्षिसं मिळवणारी. एकाच्या खांद्याला झोळी होती आणि झोळीच्या तळाला निळा डाग उमटलेला दिसत होता. शाई. त्या वर्षी पुण्यात दोन पुढाऱ्यांच्या तोंडाला शाई फासून झाली होती, त्यामुळे झोळीत काय असेल ह्याचा फार विचार करावा लागला नाही.

तिने मोठ्या दालनात उभी राहून माझ्या मध्यवर्ती कल्पना एकेक करून खणखणीत आवाजात वाचल्या. ट्रॅक्टरच्या वाक्याला प्रेक्षकांत हशा पिकला.

"वा!" ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "कॉलेजात मी तुम्हाला नोट्स दिल्या त्या ह्यासाठी होय? बाकी, अक्षर न् अक्षर खरं लिहिलंत हं. इंग्रजीत हे लपवून ठेवलं होतं, तुम्ही मराठीत उघडं केलंत. संघटनेतर्फे तुमचा सत्कारच करायला हवा."

माझं लक्ष झोळीवर होतं. ती लहान खोलीकडे वळली, मागे सगळे, आणि मी त्यांना ओलांडून आधी आत शिरलो. तिने पुस्तिका उघडून सरांचं नाव, गाव आणि त्याखालचं वाचलं. लाल हुकमाने. हात कापले गेले असते. आता कुणी हसलं नाही.

"हे गाव जिनिंगवाल्यांचं ना?" झोळीवाला म्हणाला. "आमचे लोक आहेत तिथे. हा मास्तर तर त्यांच्या पाट्या रंगवायचा. किती मिळाले रे ह्याला?" त्याने झोळीत हात घातला.

मी चित्राला पाठ लावून उभा राहिलो. पाय फाकवून रोवले.

"हे सरांचे शब्द नाहीत," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. "सरांनी काहीही लिहून दिलेलं नाही. हे इथे छापलं गेलं, त्यांना न विचारता."

दारात कार्यवाह उभे होते, त्यांच्यामागे साहेब. कार्यवाह मराठीत म्हणाले, "शुद्धीवर या." साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं, कुणी सांगितलं नाही.

"मग शब्द कुणाचे?" तिने विचारलं.

"माझे नाहीत आणि सरांचे नाहीत."

"ठीक आहे. मग सरांचे शब्द कोणते? चित्र काय सांगतंय?"

"कापड चांगलं होतं."

"काय?"

"सर म्हणाले, कापड चांगलं होतं. नकाशा टाकून देणार होते, म्हणून घेतला. निळा उरला होता म्हणून निळा जास्त आहे."

मागून, रोज येऊन सरांच्या चित्रापुढे बसणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "एवढं खरं आजवर एकाही चित्रकाराच्या तोंडून ऐकलं नाही," आणि सगळी खोली हसली. झोळीवाला नाही हसला. त्याने बाटली बाहेर काढलीच होती. तिने त्याच्या मनगटाला धरलं, तो हात सोडवायला गेला आणि शाई माझ्या बाहीवर आणि फरशीवर सांडली. चित्राला थेंब लागला नाही. साहेबांनी स्वतःचा रुमाल काढून मला दिला. तो माणूस वाईट नव्हता, हे मी लिहून ठेवतो.

मला वाटलं, संपलं. पण ती जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "छान केलंत. आता एवढंच लिहून द्या. मंडळाने गरीब शिक्षकाच्या नावाने खोटं छापलं, एवढ्या दोन ओळी. खाली सही. उद्याच्या पत्रकात घालतो."

"नाही."

"का? नोकरीला भिता?"

"भितो. पण त्यासाठी नाही. ह्यांनी सरांच्या तोंडी आपले शब्द घातले. तुम्ही तुमचे घालाल. गरीब शिक्षक, फसवलेला शिक्षक."

"आम्ही खरं तेच छापू."

"मग कापड चांगलं होतं, एवढंच छापा."

"त्याचा आम्हाला काय उपयोग?" ती म्हणाली. चेष्टेने नव्हे, खरोखरच विचारत होती. मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "चित्र वाईट नाहीये हो. तो ओघळ विशेष." आणि सगळ्यांना घेऊन निघून गेली.

कार्यवाहांनी मला ओरडून काही म्हटलं नाही. त्यांनी पोच-वही उघडली. "तीन चित्रं तुमच्या सहीने आली आहेत. भिंतीवर राहायची तर पुस्तिकेसकट राहतील. नको असतील तर तुमच्याच सहीने जातील. सहापर्यंत ठरवा. आणि सोमवारच्या बैठकीची चिंता आता करू नका, ती मिटली."

सरांना विचारायला वेळ नव्हता. त्यांची चित्रं पुण्याच्या भिंतीवर होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती काढायचा मला काय अधिकार? ठेवली तर ते शब्द त्यांच्या खाली कायमचे चिकटणार. मी त्या खोलीत उभा होतो आणि बाहेर लोक पुस्तिका चाळत जिना उतरत होते. मग मी स्टूल आणलं आणि एकेक चित्र खाली घेतलं. गुंडाळी करताना नकाशाची बाजू बाहेर आली. दारातले लोक वाकून पाहू लागले तशी मी ती घाईघाईने आत वळवली.

टांग्यातून कोथरूडला आलो. घरमालकीण मावशी ओसरीवर धान्य निवडत होती. "काय हाय त्ये? सरसाचा वास मारतोय," ती म्हणाली. मी चित्रं म्हणून सांगितलं. "मग घरात कोंडू नगंस. हितं लाव, वारं लागंल." मी खोलीत गेलो आणि शाईच्या बाहीनेच सरांना पत्र लिहायला बसलो. शेवटच्या एस.टी.ची टपालपिशवी गाठायची होती. ते पत्र सरांनी जपून ठेवलं होतं. त्यांच्या पश्चात बाईंनी मला परत दिलं. ते असं आहे:

पूज्य सर,

साष्टांग नमस्कार. आधी हे सांगतो की तिन्ही चित्रे सुखरूप आहेत आणि माझ्या खोलीत आहेत. ती मी आज आपल्याला न विचारता प्रदर्शनातून काढून आणली. कारण सोबतच्या पुस्तिकेत खूण केलेल्या पानावर आहे. ते शब्द आपल्या नावाखाली छापले आहेत. आपले कार्ड मी त्यांना दाखवले होते, तरी असे झाले.

आज दुपारी सर्वांसमोर मी सांगितले की हे शब्द आपले नाहीत. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी मला तेच लिहून मागितले. ते मी दिले नाही. ते त्यांच्या पत्रकात गेले असते आणि पुन्हा आपल्याला न विचारताच गेले असते. मी बरोबर केले की नाही, मला कळत नाही. आपली चित्रे भिंतीवर फार चांगली दिसत होती. उजेड डाव्या हाताच्या खिडकीतून येत होता. एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन मधल्या चित्रापुढे बसत असत, त्यांनी मला कधी काही विचारले नाही. हे आपल्याला कळावे म्हणून लिहिले.

पुस्तिका तशीच मान्य करून चित्रे परत लावावीत असे आपल्याला वाटले, तर शनिवारपर्यंत तार करावी. मी स्वतः नेऊन लावीन आणि मनात काही आणणार नाही. वाटले नाही, तर तार नको. रविवारी मात्र दोघांनी यावेच. बाईंनी सर्वांना सांगितले आहे, तेव्हा माघार घेऊ नये. चित्रे येथे कोथरूडला घरमालकिणीच्या ओसरीवर लावतो. माझ्या वर्गात होती ती एक मुलगी आणि ते वृद्ध गृहस्थ येऊन पाहणार आहेत असे मी धरून चाललो आहे. दोघांनाही उद्या निरोप देतो. कागद कोणताही लावणार नाही.

आणखी एक विनंती. पुस्तिका युनियनच्या लोकांपर्यंत पोचेलच. ती पोचण्याआधी हे पत्र माझ्या वडिलांना वाचून दाखवावे. त्यांना वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेले ते विसरत नाहीत, आणि जिनिंगमध्ये त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. ते तेथे सांगतील.

वाचनालयात मिळणार होती ती नोकरी आज हातची गेली. वडिलांना वाचून दाखवताना एवढी ओळ गाळावी.

आपला विद्यार्थी